आकाशातून पडलेला दगड कशाचा असतो?

२६ एप्रिल १८०३. फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या आकाशात भर दुपारी स्फोटासारखे आवाज झाले आणि आसपासच्या शेतांमध्ये सुमारे तीन हजार दगड कोसळले. आकाशातून दगड पडतात, असं खेड्यापाड्यांतली माणसं आधीपासून सांगत होती. विद्वान मात्र ते हसण्यावारी नेत. चौकशीसाठी आलेले तरुण भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बियो यांनी गावोगावी साक्षी घेतल्या, दगड गोळा केले. त्यांच्या अहवालानंतर हसणं थांबलं.

असे जमिनीपर्यंत पोहोचलेले दगड म्हणजे अशनी. यांतले बहुतेक सगळे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांचे तुकडे. थोडे चंद्राचे, थोडे मंगळाचे. वातावरणात शिरताना वेग सेकंदाला अकरा किलोमीटरहून जास्त. पृष्ठभाग वितळतो, निघून जातो. पण हा प्रवास काही सेकंदांचाच, त्यामुळे उष्णता आत मुरायला सवड मिळत नाही. वर राहते ती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी कवची.

आत काय असतं?

संग्रहालयात आपण थबकतो ते लोखंडी अशनींपाशी. नामिबियातला होबा बघा, वजन अंदाजे ६० टन! बहुतेक लोखंडी अशनींचा लोह-निकेलचा तुकडा कापून, घासून त्यावर आम्ल लावलं की एकमेकांना छेदणारे पट्टे उमटतात. कमी निकेलचे आणि जास्त निकेलचे स्फटिक असे वेगळे व्हायला धातू अतिशय सावकाश निवावा लागतो. थंड व्हायला लाखो वर्षं लागावीत, इतका सावकाश. हे घडतं खोल आत. म्हणजे हा एखाद्या फुटलेल्या लघुग्रहाचा गाभा असू शकतो. पृथ्वीचा गाभा २९०० किलोमीटर खाली आहे, तिथे कोण पोहोचणार?

तरीही लोखंडी अशनी दुर्मीळच. पडताना पाहिलेल्या अशनींमध्ये त्यांचं प्रमाण शेकडा पाचच्या आसपास. बाकी बहुतेक दगडी. दिसायला सामान्य, आणि खरी गोष्ट यांच्यातच आहे.

बहुतांश दगडी अशनींमध्ये कॉन्ड्रूल नावाचे बारीक गोल कण असतात. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन यांसारख्या खनिजांचे हे थेंब सूर्याभोवतीच्या धुळीत वितळले, झटकन गोठले आणि धुळीसकट एकत्र आले. पुढे अख्खा दगड पुन्हा कधीच वितळला नाही, म्हणून ती जुनी घडण शाबूत राहिली. १९६९ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीत कॅल्शियम-अॅल्युमिनियमचे पांढुरके ठिपके आहेत. अशा ठिपक्यांचं वय भरतं सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. सूर्यमालेत घन झालेला, वय मोजता आलेला याहून जुना पदार्थ आपल्याला माहीत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ एक अशनी पडला. काळपट, ठिसूळ. त्यात पाणी धरून ठेवलेली मातीसारखी खनिजं निघाली, अमिनो आम्लं निघाली. आणि त्याची पूड करून आम्लात विरघळवल्यावर जे उरलं, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण होते. हे कण सूर्याच्या आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांनी बाहेर फेकलेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार त्यांतले सर्वांत जुने सुमारे ७०० कोटी वर्षांचे आहेत.