गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातली: ॲलन टूसाँ

नमस्कार मंडळी,

आपल्याकडे रेडिओवर भावगीत लागायचं तेव्हा निवेदक कवीचं नाव सांगायचा, संगीतकाराचं सांगायचा आणि गायकाचंही. चाल कोणाची, हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ असे. अमेरिकन रेडिओवर ती रीत नव्हती. गाणं ज्याने म्हटलं त्याचं, बात खतम. ॲलन टूसाँ या अमेरिकन गीतकार-संगीतकाराचं नाव आज इथल्या बहुतेकांना नवीन वाटत असेल, ते त्यामुळेच. गाणी मात्र तुम्ही ऐकलेली आहेत.

आपल्या ह्यूस्टनहून गाडीने पाच-सहा तासांवर न्यू ऑर्लिन्स. तिथल्या गर्ट टाउन या कष्टकरी वस्तीत १९३८ साली त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कामाला, शिवाय ट्रम्पेट वाजवायचे. ॲलन पियानो शिकले ते मुख्यतः कानाने, आणि त्या कानात भरला होता न्यू ऑर्लिन्सचाच पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर. डावा हात क्युबाच्या रुंब्यावर डुलतोय, उजवा वर ब्लूज गातोय. दोघे दोन वाटांनी जातात आणि नेमके ठेक्यावर भेटतात. टूसाँनी ते सगळं उचललं आणि घासूनपुसून लख्ख केलं. मला स्वतःला लाँगहेअरचा रांगडेपणा जास्त आवडतो, पण दुसऱ्याचं गाणं उभं करायला टूसाँचा नेटकेपणाच हवा. १९५७ साली फॅट्स डॉमिनो या गाजलेल्या गायक-पियानोवादकाच्या एका रेकॉर्डिंगला डॉमिनोच्या जागी पियानो वाजवायला या पोराला बसवलं, यात सगळं आलं.

१९६० मध्ये मिनिट रेकॉर्ड्स या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने त्यांना कामावर घेतलं आणि आईवडिलांच्या घरातली पुढची खोली म्हणजे तालमीची जागा झाली. अर्मा थॉमस, ॲरन नेव्हिल, अर्नी के-डो, बेनी स्पेलमन, सगळे तिथे जमायचे. टूसाँ समोरच्याचा गळा ऐकायचे आणि त्या गळ्याला बेतून गाणं लिहायचे. १९६१ चं ‘मदर-इन-लॉ’ घ्या. हो, सासूवरचंच! (हशा) गाणं काही जमत नाही म्हणून त्यांनी कागद टोपलीत टाकला होता. विली हार्पर नावाच्या साथीच्या गायकाने तो बाहेर काढला. के-डोने ते म्हटलं आणि अख्ख्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात ‘मदर-इन-लॉ’ एवढेच शब्द खर्जात म्हणणारा आवाज स्पेलमनचा. त्याचं म्हणणं, गाणं चाललं ते माझ्यामुळे, आता मलाही एक द्या. मग त्याच्यासाठी ‘लिपस्टिक ट्रेसेस’ आलं, आणि त्यातही खर्जातली तीच खुबी.

काही गाण्यांवर तर त्यांनी स्वतःचं नावही घातलं नाही, आईचं माहेरचं घातलं: नेओमी नेव्हिल. स्पेलमनचं ‘फॉर्च्यून टेलर’ याच नावावर आहे. ते पुढे इंग्लंडात रोलिंग स्टोन्सने म्हटलं.

मध्ये दोन वर्षं सक्तीच्या लष्करी नोकरीत गेली. परत आल्यावर जोडी जमली ती ली डॉर्सी या गायकाशी. हा एकेकाळचा मुष्टियोद्धा, पोटासाठी गाड्यांचे पत्रे ठोकायचा. त्याच्या आवाजात एक हसरी कुरकुर होती, आणि ‘वर्किंग इन द कोल माइन’ हे १९६६ चं गाणं त्या कुरकुरीवरच चालतं. कोळशाच्या खाणीशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता. मध्येच लोखंडावर टण्ण आवाज होतो, तिथे मात्र खाण समोर दिसते.

पुढची यादी लांब आहे, मी भरभर सांगतो. १९७३ मध्ये मार्शल सीहॉर्नबरोबर सी-सेंट हा स्वतःचा स्टुडिओ. गायक डॉ. जॉन आणि लाबेल हा गायिकांचा गट यांच्या गाजलेल्या तबकड्यांची निर्मिती. ‘सदर्न नाइट्स’ त्यांनी १९७५ साली स्वतः गायलं. लहानपणी लुइझियानाच्या खेड्यात नातेवाइकांकडे जायचं, रात्री अंधारात म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या, त्याचं ते गाणं. त्यांच्या आवाजात ते फारसं कोणी ऐकलं नाही. १९७७ मध्ये ग्लेन कॅम्पबेलने म्हटलं आणि पुन्हा पहिला क्रमांक, पुन्हा दुसऱ्याचा गळा.

मग २००५ चं कतरिना चक्रीवादळ. तेव्हाचं आपलं ॲस्ट्रोडोम स्टेडियम जुन्या मंडळींना आठवत असेल, न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या माणसांनी भरलेलं. टूसाँचं घर गेलं, पियानो गेला, स्टुडिओही पाण्यात गेला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला आले आणि जोज पब नावाच्या छोट्याशा जागेत एकटेच पियानोवर बसून आपली गाणी आपल्या आवाजात म्हणू लागले. लोक चकित: अरे, हेही यांचंच? कतरिना ही माझी बुकिंग एजंट, असं ते गमतीने म्हणायचे. इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोबरोबरचा अल्बम २००६ चा; २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक. सत्तरी ओलांडलेला हा माणूस झकपक सूट घालून गावोगाव कार्यक्रम करत होता. १० नोव्हेंबर २०१५ ला माद्रिदमधला कार्यक्रम संपवून ते गेले. पुढे त्यांच्या शहराने रॉबर्ट ली या गुलामीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीच्या नावाचा मोठा रस्ता टूसाँच्या नावाने केला.

असो, चहा तयार आहे असं स्वयंपाकघरातून खुणावतायत. चहा होईपर्यंत दोन गाणी लावतो. आधी ‘सदर्न नाइट्स’, खुद्द टूसाँच्या आवाजात. मग सासूबाई. तिथे खर्जातला स्पेलमन ऐका, आणि सुनांनी जरा जपून हसा. (हशा, टाळ्या)