गेइसिर : एका झऱ्याचं नाव आपल्या न्हाणीघरात कसं पोचलं

[दृश्य : आइसलंड. हौकादालुरची दरी. जमिनीतून ठिकठिकाणी वाफा निघताहेत. दोरीच्या कुंपणामागे माणसं कॅमेरे सरसावून उभी आहेत.]

कुंडातलं पाणी आधी नुसतं हलतं. किंचित वर येतं, पुन्हा खाली बसतं. असं दोन-चारदा होतं. मग मधोमध एक निळा घुमट फुगतो, एखादा क्षण तसाच राहतो आणि फुटतो. उकळतं पाणी पंधरा-वीस मीटर उंच उडतं, कधीकधी त्याच्याही दुप्पट. वाफ वाऱ्यावर निघून जाते, उरलेलं पाणी कुंडात परत ओघळतं.

हा स्ट्रोक्कुर. दर पाच-दहा मिनिटांनी उसळणारा. आइसलंडच्या भाषेत या नावाचा अर्थ आहे लोणी काढायचं घुसळणीचं भांडं, म्हणजे आपला डेरा. गवळवाड्यातली वस्तू त्या शेतकऱ्यांना आठवली आणि त्यांनी तेच नाव दिलं.

आपल्याला मात्र त्याच्या थोरल्या शेजाऱ्याकडे जायचं आहे.

[दृश्य : काही पावलांवर एक मोठं, शांत, वाफाळतं कुंड. कडेला राखाडी-पांढरा थर.]

हा गेइसिर. जगातल्या अशा सगळ्या झऱ्यांना याच एका झऱ्याचं नाव मिळालं आहे. आणि तुमच्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या टाकीलाही.

हौकादालुर म्हणजे ससाण्यांची दरी. इथल्या भूकंपाची आणि त्यानंतर बदललेल्या उष्ण झऱ्यांची नोंद थेट १२९४ सालची आहे. 'गेइसिर' हे विशेषनाम नंतरचं. ते 'गेइसा' या जुन्या क्रियापदावरून आलं. गेइसा म्हणजे उसळणं, आवेगानं बाहेर लोटणं. गेइसिर म्हणजे उसळणारा.

आइसलंडमध्ये आजही हे विशेषनामच आहे. उसळत्या उष्ण झऱ्याला तिथली माणसं 'गोसक्वेर' म्हणतात. 'गोस' म्हणजे उद्रेक, 'क्वेर' म्हणजे गरम पाण्याचा झरा. ज्वालामुखीचा उद्रेक तो 'एल्डगोस', अग्नीची उसळी. बाटलीतल्या फसफसणाऱ्या पेयालाही तिथे 'गोस'च म्हणतात. म्हणजे तिथे झरे अनेक आहेत, पण गेइसिर एकच.

मग हे नाव बाहेर कसं पडलं?

[दृश्य : जुनी शिडाची जहाजं, कोरीव चित्रं.]

१७७२ साली जोसेफ बँक्स हे इंग्रज निसर्गअभ्यासक आइसलंडला आले. कॅप्टन कुकबरोबर पॅसिफिकची सफर करून आलेले तेच हे बँक्स. त्यांच्या जहाजावर उनो फॉन ट्रॉइल नावाचे एक स्वीडिश गृहस्थ होते. पुढे ते उप्सालाचे आर्चबिशप झाले. त्यांनी आइसलंडविषयी लिहिलेली पत्रं १७७७ मध्ये स्वीडिशमध्ये छापली गेली आणि १७८० मध्ये इंग्रजीत आली. इंग्रजी वाचकांना तो शब्द भेटला तो तिथे. त्यांच्याकडे असा झराच नव्हता, त्यामुळे त्याला शब्दही नव्हता. त्यांनी झऱ्याचं नाव उचललं आणि त्याचं सामान्यनाम केलं.

झरा कशामुळे उसळतो, हा प्रश्न मात्र साठ-सत्तर वर्षं तसाच राहिला. १८१० साली आलेल्या जॉर्ज मॅकेंझी या स्कॉटिश अभ्यासकांनी अंदाज बांधला, की खाली एक पोकळी असेल, तिच्यात वाफ कोंडत असेल. अंदाज चांगला होता, पण मोजमाप कुणी केलं नव्हतं.

[दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. बन्सन बर्नरची निळी ज्योत.]

ते केलं रॉबर्ट बन्सन यांनी. होय, ज्यांच्या नावाचा बर्नर आपण सगळ्यांनी शाळेत पेटवला आहे, तेच. १८४५ मध्ये हेक्ला ज्वालामुखी जागा झाला आणि १८४६ मध्ये बन्सन आइसलंडला गेले. बरोबर देक्लोआझो हे फ्रेंच खनिजतज्ज्ञ होते. या दोघांनी गेइसिरच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवर थर्मामीटर सोडले. उसळी कुठल्याही क्षणी येऊ शकते, हे माहीत असताना सोडले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीतली माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळतं. पण दहा मीटर खोल पाण्यावर वरच्या पाण्याचं वजन असतं, दाब दुप्पट असतो. तिथे पाणी उकळायला सुमारे १२० अंश लागतात. आपल्या कुकरमध्ये घडतं तेच. वीस मीटरवर सुमारे १३३ अंश. गेइसिरची नळी साधारण तेवढीच खोल आहे. बन्सन यांना दिसलं, की तळाजवळचं पाणी शंभरच्या बरंच वर तापलेलं असतं, तरी उकळत नसतं. वरचं पाणी त्याला दाबून ठेवतं.

आता खालून वाफेचे बुडबुडे येतात आणि हा सगळा स्तंभ थोडा वर उचलतात. वरचं पाणी कडेनं सांडतं. दाब कमी होतो. जे पाणी अजून उकळत नव्हतं, ते कमी दाबात एकदम उकळतं. त्याची वाफ आणखी पाणी बाहेर ढकलते, दाब आणखी घटतो, त्याखालचा थर उकळतो. काही क्षणांत संपूर्ण नळी रिकामी होते. नवीन वेगळी उष्णता कुठून येत नाही. आधीच साठलेली उष्णता दाब सुटताच एकदम मोकळी होते.

बन्सन यांनी प्रयोगशाळेत नळी आणि ज्योत वापरून छोटा गेइसिर करूनही दाखवला. अलीकडे रशियातल्या कामचात्का द्वीपकल्पातल्या अशाच झऱ्यांच्या तोंडात उष्णता सोसणारे कॅमेरे सोडले गेले, तेव्हा नळीच्या बाजूला वाफ साठवणाऱ्या पोकळ्याही दिसल्या. म्हणजे मॅकेंझी यांचा अंदाजही अगदीच वाया गेला नव्हता.

अशी नळी टिकायला खडकात भरपूर सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, लागते. गरम पाणी ती विरघळवून आणतं आणि भिंतींवर तिचा कठीण थर चढवतं. म्हणून असे झरे दुर्मीळ आहेत. जगात सुमारे हजार, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये.

[दृश्य : गेइसिरचं कुंड, पुन्हा. हालचाल नाही.]

ज्यानं सगळ्यांना नाव दिलं, तो गेइसिर स्वतः लहरी निघाला. भूकंप झाला की जागा होतो, मग वर्षानुवर्षं गप्प. १८९४ मध्ये तर ही जागा विकली गेली. जेम्स क्रेग यांनी ती घेतली, पुढे उत्तर आयर्लंडचे पहिले पंतप्रधान झाले तेच. त्यांनी बघायला पैसे लावले. १९३५ मध्ये सिग्युर्दुर योनासॉन यांनी ती परत विकत घेऊन देशाला दिली. त्याच वर्षी कुंडाच्या कडेला चर खणून पाण्याची पातळी उतरवली आणि गेइसिर पुन्हा उसळू लागला. चर बुजला, पुन्हा मोकळा केला. पर्यटकांसाठी त्यात साबणही टाकला जायचा, कारण साबणानं उसळी लवकर येते. तो प्रकार बंद झाला, हे फार बरं झालं. जून २००० च्या भूकंपांनंतर तो काही काळ खूप उंच उडाला. त्यानंतर क्वचितच.

[दृश्य : एकोणिसाव्या शतकातलं लंडन. तांब्याचं उंच नळकांडं, खाली गॅसची ज्योत.]

१८६८. लंडनमधले एक रंगकाम करणारे कारागीर, बेंजामिन मॉन, यांनी एक यंत्र तयार केलं. गॅसच्या ज्योतीवरून पाणी जायचं आणि लगेच गरम होऊन टबात पडायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'गीझर'. जळलेला गॅस बाहेर न्यायला त्यात धुराडं नव्हतं, त्यामुळे ते धोक्याचंही होतं. पण नाव चिकटलं.

इंग्रजांबरोबर ते इथे आलं. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये आज हा शब्द घरात फारसा ऐकू येत नाही, तिथे 'बॉयलर' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्याकडे मात्र तो टिकला. अमेरिकन लोक झऱ्याला 'गायझर' म्हणतात. म्हणून मराठीत भूगोलाच्या तासाला गायझर आणि न्हाणीघरात गिझर. शब्द एकच.

त्याच्याआधी आपल्याकडे काय होतं? बंब. तांब्याचा, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला. हा शब्दही समुद्रावरूनच आला. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप. आगीचा बंबही त्यातलाच.

[दृश्य : होमकुंड. पळीतून तूप अग्नीत पडतं.]

आणखी खोल गेलं तर फार जुनं नातं लागतं. भाषाशास्त्रज्ञ 'गेइसा'चं मूळ इंडो-युरोपीय कुळातल्या 'ओतणं' अशा अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. संस्कृतमधला 'हु' धातू त्याच मुळाचा. म्हणजे हवन, होम, आहुती, हवि. अग्नीत ओतायचं ते. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून ओतण्याचं, वितळवण्याचं क्रियापद झालं. कोल्हापुरात लोखंड ओततात ती फाउंड्री, हा शब्द तिथून आला. एक काळजी घ्यायला हवी. आइसलंडचा शब्द संस्कृतातून निघाला, असं यातून सिद्ध होत नाही. दोघं एकाच जुन्या घरातली भावंडं आहेत, कुणी कुणाचं अपत्य नाही.

[दृश्य : रत्नागिरी जिल्हा. राजापूरजवळ अर्जुना नदीचा काठ.]

मराठीत अशा पाण्याला स्वतःचा शब्द आहे. उन्हाळे. ऊन पाण्याचा झरा तो उन्हाळे. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे गाव, या नावांमध्ये तेच 'ऊन' आहे. शाळेच्या पुस्तकांत 'उष्ण पाण्याचे झरे' छापतात. तिथे 'उन्हाळे' छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ही उन्हाळी गायझरसारखी उसळत नाहीत. आइसलंडसारखा तापलेला शिलारस इथे उथळ खोलीवर नाही. पाऊस भेगांतून खोल उतरतो, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतो आणि फटींतून वर येतो. कोकणातलं पाणी सुमारे ७० अंशांपर्यंत जातं, उकळीला पोचत नाही.

पण अवचित प्रकटणारं पाणी आपल्याकडेही आहे, आणि तेही उन्हाळे गावातच. राजापूरची गंगा. चौदा कुंडं कोरडी असतात आणि एके दिवशी त्यांत पाणी येतं. काही आठवडे, काही महिने राहतं, मग जातं. साधारण तीन वर्षांनी येते अशी जुनी समजूत आहे, पण अलीकडे ती हा नेम पाळत नाही. खडकातल्या वाकड्या नळ्यांत पाणी एका पातळीपर्यंत भरलं की सायफनसारखं वाहू लागत असावं, असा तर्क मांडला जातो. हौकादालुरमध्येही आधी तर्कच होता. राजापूरच्या कुंडांत पाण्याची पातळी, तापमान आणि आसपासचा पाऊस रोजच्या रोज नोंदणारी साधी यंत्रं कायमची बसली, तर पुढच्या वेळी गंगा येईल तेव्हा हा तर्क तपासायला हातात आकडे असतील.