आधी गप्प, मग गप्पा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात अख्खं ऑफिस लोणावळ्याला जातं, घाटात गाड्यांच्या रांगेत अडकतं आणि सोमवारी आणखीच दमून कामावर येतं. मजा येते, नाही असं नाही. पण डोकं ताजं व्हायला दर आठवड्याला तासभर झाडीत चालणं पुरतं.

मिशिगन विद्यापीठातला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. आकडे ऐकायचे आणि उलट्या क्रमानं म्हणायचे, अशी परीक्षा. मग कुणी झाडीतून, कुणी शहरातल्या रस्त्यावरून जवळजवळ तासभर चालायचं आणि पुन्हा तीच परीक्षा. आठवड्यानं वाटांची अदलाबदल. झाडीतून आल्यावर आकडे जास्त लक्षात राहिले. थंडीत कुडकुडत चाललेल्यांनाही फायदा झाला, म्हणजे मन रमलंच पाहिजे असं नाही. कारण असं सांगतात, की रस्त्यावर हॉर्न, सिग्नल, खड्डे यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. पक्षी उडाला तर नजर आपसूक जाते आणि दमलेलं लक्ष तेवढ्यात सावरतं.

मात्र ती माणसं एकेकटी चालली होती. टीम निघाली की पाचव्या मिनिटाला क्लायंटचा विषय निघतो! म्हणून वेळ वाटून घ्या. पहिली वीस मिनिटं गप्प, दोघांत आठ-दहा पावलांचं अंतर. फोन बंद करून पिशवीत. अडीअडचणीला एकाचाच चालू. नंतर जोड्या करा, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतल्या, आणि दर दहा मिनिटांनी बदला. शेजारी चालताना नजरेला नजर भिडत नाही, त्यामुळे अवघड विषयही सहज निघतो.

सहा ते आठ जण पुरेत. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे ठेवा. दमदार माणसं पुढे गेली की थांबून विसावतात आणि मागचे पोचताच निघतात. ज्याला विसावा हवा, त्यालाच तो मिळत नाही. साहेबांनी मधे चालावं.

पुण्यात वेताळ टेकडी सोयीची, पण उन्हाळ्यात सावली विरळ, सकाळी आठच्या आत खाली या. मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. माणशी लिटरभर पाणी घ्या. आणि हा वेळ कामाचाच धरा. रविवारी सक्तीनं बोलावलेली माणसं मनातल्या मनात धुसफुसत चालतात.

उतरल्यावर, गाडीत बसण्याआधी, ठरलेल्या गोष्टी एकानं कागदावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवाव्यात. नाहीतर चार जोड्या चार निर्णय घेऊन ऑफिसात पोचतात.