मार्च १६३४ : वालेनश्टाइनची पत्रिका

[दृश्य : म्युनिकच्या नोये पिनाकोटेक संग्रहालयातलं कार्ल फॉन पिलोटीचं चित्र. आधी पूर्ण, मग हळूहळू जवळून.]

जमिनीवर एक सेनापती मरून पडला आहे आणि काळ्या वेशातला त्याचा ज्योतिषी त्याच्याकडे बघत उभा आहे. सेनापती आल्ब्रेख्त फॉन वालेनश्टाइन, तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) पवित्र रोमन सम्राटासाठी लढलेला. ज्योतिषी सेनी. १८५५ सालचं हे चित्र. ज्याला हे आधीच कळलं होतं तो आता फक्त खात्री करून घेतोय, असं ते बघताना वाटतं.

वालेनश्टाइनवर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, जाडजूड चरित्रं झाली. या गोष्टीचा वाचक सहसा दोनपैकी एका बाजूला असतो. एकाला त्यातली पत्रिका हवीच असते. भाकीत काढून घेतलं तर उरेल काय, असं तो विचारतो. दुसऱ्याला ग्रहताऱ्यांचा कंटाळा आलेला असतो. पैसा, सैन्य आणि दरबार यांच्याबद्दल बोला, बाकी सगळी फोडणी आहे, असं त्याचं म्हणणं. दोघंही तावातावाने बोलतात. मूळ कागद, म्हणजे ती पत्रिका, मात्र दोघांपैकी फार थोडे वाचतात, आणि तो कागद आजही शिल्लक आहे.

[दृश्य : प्रागच्या जुन्या गल्ल्या. जुन्या जर्मन हस्ताक्षरातलं पान.]

साल १६०८. प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी राजगणिती आहे योहानेस केप्लर. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे सिद्ध करणारं त्याचं पुस्तक पुढच्याच वर्षी येणार आहे. मध्यस्थामार्फत त्याच्याकडे एक काम येतं : एका तरुण सरदाराची पत्रिका मांडून हवी. जातकाचं नाव सांगितलेलं नाही. पण केप्लरला ते माहीत होतं : वालेनश्टाइन. त्याच्या स्वतःच्या टिपणात ते नाव सांकेतिक लिपीत लिहिलेलं सापडतं.

जातक पंचविशीच्या आतबाहेरचा, बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातल्या, फारशा श्रीमंत नसलेल्या घराण्यातला. शनी पूर्व क्षितिजावर उगवताना जन्मलेला. केप्लर लिहितो त्याचा आशय असा : मन सतत जागं आणि अस्वस्थ. नवं काही करून पाहण्याची हाव. रूढी, धर्म, लोकांचे नियम यांची पर्वा नाही. संशयी, दयामाया कमी, मानाची आणि सत्तेची भूक मोठी. म्हणून उघड आणि छुपे शत्रू पुष्कळ होतील, पण बहुतेकांवर तो मात करील. इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि पोलंडचा दिवंगत चॅन्सेलर यांच्या पत्रिकांशी या पत्रिकेचं साम्य आहे, असंही तो नोंदवतो. आणि मग एक वाक्य येतं. ते वाचून मी दर वेळी थबकतो. असंतुष्टांची एखादी टोळी या माणसाला आपला म्होरक्या करू शकेल, असं तिथे लिहिलंय. सव्वीस वर्षं आधी.

भाकीतवादी वाचकाला इथे टाळी वाजवावीशी वाटेल. पण समासात काय आहे तेही बघा. तिथे वालेनश्टाइनचं स्वतःचं अक्षर आहे. केप्लरने तेहतिसाव्या वर्षी एका श्रीमंत विधवेशी लग्न सांगितलं होतं. वालेनश्टाइन शेजारी लिहितो, हे लग्न मी १६०९च्या मे महिन्यातच केलं, विधवेचं वर्णन हुबेहूब. म्हणजे भाकीत सात-आठ वर्षांनी चुकलं आहे. त्याने मात्र पत्रिका टाकून दिली नाही. चुकलेली वर्षं टिपून ठेवली आणि पुढे ती केप्लरकडे दुरुस्तीला पाठवली. या गोष्टीचा पहिला वाचक तोच, हातात लेखणी घेऊन बसलेला. मला तो सेनापती म्हणून जितका कळत नाही तितका या समासात कळतो.

[दृश्य : प्रागचा किल्ला, व्लतावा नदी.]

केप्लर या विद्येबद्दल काय समजत होता? फलज्योतिष ही खगोलशास्त्राची वेडगळ लेक आहे आणि तिच्या कमाईवर शहाण्या आईचं पोट चालतं, हे त्याचंच म्हणणं. ते नेहमी सांगितलं जातं. त्याहून मोलाचं आहे त्याचं १६११ सालचं एक पत्र. सम्राट रुडॉल्फ आणि त्याचा भाऊ माथियास यांच्यात सत्तेचं भांडण पेटलं होतं आणि दोन्हीकडचे लोक केप्लरला ग्रह विचारत होते. त्याने लिहिलं की सम्राटाच्या विरोधकांना मी मुद्दाम सम्राटाला अनुकूल असं सांगितलं, आणि सम्राटाला तसं सांगणार नाही, कारण त्या भरवशावर तो गाफील राहील. सम्राटाला सल्ला देणाऱ्यांच्या डोक्यातून ज्योतिष पार काढून टाकलं पाहिजे, असंही त्याने बजावलं. भविष्य दरबारात शिरलं की ते हत्यार होतं, हे त्याच्याइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलं असेल.

[दृश्य : वालेनश्टाइन राजवाडा, प्राग. दिवाणखान्याचं छत.]

१६२० साली प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियातल्या प्रोटेस्टंट सरदारांचा पाडाव झाला. त्यांच्या जप्त जमिनी स्वस्तात विकायला निघाल्या आणि वालेनश्टाइनने त्या सपाट्याने घेतल्या. प्रागमध्ये त्याने हा राजवाडा उभारला. आज इथे चेक संसदेचं सिनेट भरतं. छतावर रथात बसलेला मंगळ आहे, चेहरा घरमालकाचा.

याच काळात त्याने केप्लरला पुन्हा गाठलं. या वेळी त्याला सगळं बारकाईने हवं होतं : मरण पक्षाघाताने येईल का, परमुलखात येईल का? १६२५च्या जानेवारीत केप्लरचं उत्तर गेलं, आणि ते गिऱ्हाइकाला खूश करणारं नव्हतं. माणसाची इच्छा आणि त्याचे निर्णय बाजूला सारून ताऱ्यांतून एकेक घटना वाचायला जाणाऱ्याला ही विद्या कळलेलीच नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं. मग वर्षावर्षाचा आढावा दिला, आणि १६३४च्या मार्चमध्ये देशात भयंकर गोंधळ माजेल असं म्हणून तो थांबवला.

वालेनश्टाइनचा खून झाला २५ फेब्रुवारी १६३४ला.

हा योग अंगावर येतो हे मी नाकारणार नाही. पण त्या कागदात खून नाही, मरण नाही. युद्ध सात वर्षं पेटलेलं असताना देशात गोंधळ माजेल हे कुठल्याही वसंत ऋतूबद्दल लिहिता आलं असतं. केप्लर तो मार्च बघायला उरला नाही. १६२८पासून तो वालेनश्टाइनच्याच आश्रयाला सागानमध्ये राहत होता. सम्राटाकडे त्याची जवळपास बारा हजार गुल्डनची थकबाकी होती, ती सम्राटाने वालेनश्टाइनच्या अंगावर ढकलली होती. १६३०च्या नोव्हेंबरात केप्लर रेगेन्सबुर्गला वारला, तेव्हाही ती फिटलेली नव्हती.

[दृश्य : वायमार. नाट्यगृहासमोर ग्योटे आणि शिलर यांचा पुतळा.]

ही गोष्ट ताऱ्यांची झाली ती नाटकामुळे. १७९८च्या डिसेंबरात वालेनश्टाइनवरची नाट्यत्रयी पुरी करताना जर्मन नाटककार शिलर ज्योतिषाच्या भागावर अडला होता. आजच्या प्रेक्षकाला हे पोरकट वाटेल का, ही त्याची शंका. ग्योटेने त्याला धीर दिला, हा भाग ठेव म्हणून. शिलरचा वालेनश्टाइन योग्य घटिकेची वाट पाहत बसतो आणि ताऱ्यांच्या भरवशावर आपला सेनानी पिकोलोमिनी याच्यावर विश्वास टाकतो, जो त्याला दगा देतो. शोकांतिका म्हणून हे अप्रतिम आहे. पुढे १९२०मध्ये आल्फ्रेड ड्योब्लिनची कादंबरी आली. तिने सम्राट फर्डिनांडला इतकी जागा दिली आणि त्याला रानात असा काल्पनिक शेवट दिला, की वालेनश्टाइनसाठी पुस्तक उघडणारा वाचक गोंधळून जावा.

[दृश्य : पिल्सन, हिवाळा. मग एगर, म्हणजे आजचं खेब. चौकातलं घर.]

ताऱ्यांची गोष्ट वाचताना जे सुटतं ते इथे आहे. १२ जानेवारी १६३४. संधिवाताने जर्जर झालेला वालेनश्टाइन पिल्सनच्या छावणीत आहे. तो शत्रूशी, सॅक्सनी आणि स्वीडनशी, बोलणी करतोय. पद सोडण्याचीही भाषा करतोय. त्याचे कर्नल हादरतात, कारण पलटणी त्यांनी स्वतःची पत गहाण टाकून उभ्या केल्या आहेत. तो गेला तर पैसे बुडाले. ४९ अधिकारी त्याच्याशी निष्ठेच्या कागदावर सह्या करतात. व्हिएन्नातल्या सम्राटाच्या दरबाराला तो कागद म्हणजे बंड वाटतो. २४ जानेवारीला सम्राट गुपचूप त्याची बडतर्फी लिहून ठेवतो. त्याला जिवंत किंवा मेलेला पकडण्याची मुभा सरदारांना मिळते. खटला नाही, बचावाची संधी नाही.

२५ फेब्रुवारीच्या रात्री एगरच्या किल्ल्यात मेजवानीला बोलावून त्याच्या विश्वासू साथीदारांना कापून काढलं गेलं. मग आयरिश कॅप्टन डेव्हरू चौकातल्या घरात शिरला आणि झोपायच्या खोलीत त्याने वालेनश्टाइनच्या छातीत भाला खुपसला.

म्हणून मला भाकीतवादी वाचकाशी भांडायचं आहे. त्याला रस ज्योतिषात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शनीने मारलं म्हटलं, की माणसांची नावं गळून पडतात. बेत रचणारे तिघं होते : आयरिश कर्नल वॉल्टर बटलर, स्कॉटिश अधिकारी जॉन गॉर्डन आणि वॉल्टर लेस्ली. खुनानंतर वालेनश्टाइन आणि त्याच्या साथीदारांच्या जप्त जहागिऱ्यांतून बक्षिसं वाटली गेली. बटलरला डोक्सी मिळालं, गॉर्डनला स्मिदारी, लेस्लीला नोव्हे मेस्तो नाद मेतुयी आणि काउंट हा किताब.