रस्त्यांना नंबर नव्हते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मोटारी आल्या तेव्हा लांबचा प्रवास रेल्वेचा होता. रस्ते बहुतेक कच्चे, शेतातून बाजारपेठेपर्यंत किंवा स्टेशनापर्यंत जाणारे. त्यांना नंबर नव्हते, पाट्याही क्वचितच. परगावच्या मोटारवाल्याने फाट्यावर कुठे वळायचं? मोठ्या झाडापासून डावीकडे, मग ओढा ओलांडून सरळ, असं सांगणारं कुणी भेटलं तर ठीक.

१९०१ साली कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातल्या चार्ल्स गिलेट यांनी हे सांगणं छापायला घेतलं. त्यांचं ‘ऑफिशियल ऑटोमोबाइल ब्लू बुक’ म्हणजे मैलामैलाचा हिशेब: इतक्या मैलांवर लोखंडी पूल, इतक्यावर शाळा, तिथून उजवीकडे. चालवणाऱ्याने गाडी सांभाळायची, शेजारच्याने अंतराच्या मीटरवर नजर ठेवून मोठ्याने वाचायचं. पण एखादं वळण हुकलं की पुढचे सगळे आकडे निकामी. खूण म्हणून दिलेलं झाड पडलं किंवा घराचा रंग बदलला, तरी तीच गत. रँड मॅकनॅली या नकाशांच्या कंपनीने मग वळणावळणाचे फोटोच छापले, त्यावर बाण काढून. हौस मोठी खरी, पण फोटोतलं झाडही पडतंच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती याच कंपनीतल्या जॉन ब्रिंक या नकाशे काढणाऱ्या कर्मचाऱ्याची कल्पना. रस्त्याचं वर्णन करत बसण्यापेक्षा रस्त्यावरच खूण करावी, असं त्यांनी सुचवलं. टेलिफोनच्या खांबांवर रंगाचे पट्टे आणि खुणा रंगवायच्या आणि त्याच खुणा नकाशात द्यायच्या. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया भागाचा असा नकाशा १९१७ साली निघाला. १९२६ मध्ये देशभरच्या मुख्य रस्त्यांना नंबर मिळाले, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम. तेव्हा वळणांचं वर्णन करणाऱ्या जाड पुस्तकाची गरज सरली. पेट्रोल पंपांवर नकाशे फुकट मिळू लागले होते.

पण श्रोतेहो, नकाशा सर्वांसाठी सारखा असला तरी त्या रस्त्याकडेची दारं सर्वांना सारखी उघडत नव्हती. कृष्णवर्णीय कुटुंबाला हॉटेलात खोली नाकारली जाई, खानावळीत जेवण नाकारलं जाई, कुठे पेट्रोलसुद्धा. काही गावांत अंधार पडल्यावर थांबणं जिवावर बेतायचं. म्हणून लोक डबा, पाणी, जादा पेट्रोल सोबत घेऊनच निघत.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली ‘ग्रीन बुक’ काढलं. सुरुवातीला फक्त न्यूयॉर्क परिसरापुरतं, नंतर देशभराचं. शहरवार यादी: कुठे उतरता येईल, कुठे जेवता येईल, केस कुठे कापून मिळतील, कुठल्या गॅरेजात गाडी दुरुस्त होईल. जिथे हॉटेलच नव्हतं तिथे घरातली खोली भाड्याने देणाऱ्या गृहिणींची नावं. वाचकांनाही त्यांनी आपल्या भागातली ठिकाणं कळवायला सांगितलं. एसो कंपनीच्या पंपांवर हे पुस्तक मिळायचं, कारण कृष्णवर्णीयांना पंप चालवायला देणाऱ्या थोड्या कंपन्यांपैकी ती एक होती.

हे पुस्तक छापण्याची गरजच उरणार नाही असा दिवस येईल, असं त्यात लिहिलेलं असे. ग्रीन १९६० साली वारले. वंशभेदावर हॉटेल-खानावळींत प्रवेश नाकारण्याला बंदी घालणारा कायदा १९६४ साली झाला, आणि १९६६-६७ ची आवृत्ती शेवटची ठरली.