पिनकोडातली माणसे

श्रोतेहो, नमस्कार. पत्त्याच्या शेवटी आपण जो सहा आकडी पिनकोड लिहितो, तो भरला की त्या भागात किती लोक राहतात, त्यांत मुले किती आणि म्हातारी माणसे किती, हे पडद्यावर मांडून दाखवणारी सॉफ्टवेअरची साधने आता मिळू लागली आहेत. दुकान कोठे काढावे, दवाखाना कोठे थाटावा, हे ठरवताना पुष्कळ मंडळी त्यांचा आधार घेतात. माझ्या थोरल्या वहिनींनीही तो घेतला. ती हकीकत मला सांगायचीच आहे, पण त्याआधी दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की पिनकोड हा पत्रांसाठी जन्माला आला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत जाणणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याचे शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारे कार्यालय सांगतात. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभीच्या पानावर ‘गिरगाव, मुंबई 4’ असा पत्ता सापडतो, त्यातल्या चाराचेच पुढे 400 004 झाले. पत्ता असा सुटसुटीतच असावा. 

दुसरी गोष्ट, आपली जनगणना पिनकोडानुसार आकडे देत नाही, शहरात ती वॉर्डानुसार देते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने तेथील झिप कोडांशी, म्हणजे तिकडच्या पिनकोडांशी, मिळतीजुळती गणनाक्षेत्रे 2000 च्या जनगणनेपासून स्वतःच आखून दिली, त्यामुळे तिकडच्या साधनांना निदान अधिकृत आधार तरी असतो. आपल्याकडे मात्र साधन तयार करणाऱ्याला वॉर्डाची लोकसंख्या पिनकोडांत वाटून द्यावी लागते. पुन्हा सांगतो, पिनकोड टपालाचा आणि आकडे वॉर्डाचे. ही वाटणी नुसत्या क्षेत्रफळावर केली, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांच्या शेजारीही हजारो माणसे नांदू लागतात, आणि मंत्रालयाच्या 400 032 मध्ये रात्री दिवे मालवल्यावरही कुटुंबे उरतात. इमारती पाहून वाटणी करणारे साधन त्या मानाने बरे असते.

आता वहिनींची हकीकत. गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेऊन पोळीभाजी केंद्र काढावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांच्या चिरंजीवांनी लॅपटॉपवर 400 004 भरला आणि समोर आलेला तक्ता पाहून जाहीर केले, “आई, नोकरी करणाऱ्या वयाची माणसे इथे भरपूर आहेत. दोनशे पोळ्या सकाळीच संपतील.” चाळीच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले एक वृद्ध गृहस्थ हे ऐकत होते. त्याच भागात त्यांनी अनेक वर्षे टपालाची बीट सांभाळली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “बाळा, तुझ्या यंत्रात कुलपं दिसतात का?”

चिरंजीव गप्प झाले. काका उठले आणि आम्हा तिघांना घेऊन लाकडी जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एकामागून एक दारे होती. पहिल्या दाराच्या कडीत विजेची तीन बिले गुंडाळून खोचलेली होती आणि कुलपावर गंज चढला होता. काका म्हणाले, “हे डोंबिवलीला गेले. हे विरारला. ह्यांची दोन्ही मुलं पुण्याला. पाट्या तेवढ्या राहिल्यात.” एक दार उघडे होते. आत एक आजी परातीत तांदूळ निवडत होत्या. वहिनींनी जेवणाखाण्याची चौकशी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, आम्ही दोघंच. दोन फुलके आणि रात्री मऊ भात. मला आता परात भरून कणीक मळवत नाही.”

खाली आल्यावर चिरंजीवांनी लॅपटॉप पुन्हा उघडला, आणि तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले 2011 हे जनगणनेचे साल तेव्हा कोठे त्यांना दिसले. म्हणजे कुलपामागची ती मुले त्या वर्षी खरोखरच तेथे राहत असणार, त्यामुळे आकडा खोटा नव्हता, तो जुना होता. शिवाय तो सबंध डी वॉर्डातून वाटून आलेला होता आणि त्या वॉर्डात गिरगावच्या चाळींबरोबर मलबार हिलही येते. पोळीभाजी केंद्राच्या हिशेबात मलबार हिल कोणी धरील, असे मला वाटत नाही. आकडा जुना आणि वाटून घेतलेला, हे दोन शब्द कृपया लक्षात ठेवा.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 असा जाहीर झालेला आहे. तिचे आकडे हाती येऊन साधनांत उतरेपर्यंत वहिनी थांबणार नव्हत्या. त्यांनी काकांना बरोबर घेऊन सलग तीन संध्याकाळी आजूबाजूच्या चाळींतले उघड्या दारांचे मजले हिंडून पाहिले आणि वहीत खुणा केल्या. गाळा त्यांनी घेतला, मात्र पाटीवरचे ‘पोळीभाजी’ खोडून तेथे ‘घरपोच डबा, मऊ फुलके’ असे लिहून घेतले. पहिला डबा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींकडे गेला, आणि तो पोचवायला लॅपटॉप घरी ठेवून चिरंजीवच जिना चढले.