किन्नोर : दावीद राजाचे वाद्य

नमस्कार श्रोतेहो.

बायबलमधल्या दावीद राजाचे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. डोक्यावर मुकुट, अंगावर भरजरी झगा आणि पुढ्यात उंचच उंच हार्प. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतके हाच दावीद रंगवला. चित्र देखणे आहे, वाद्य मात्र भलतेच आहे. बायबलच्या हिब्रू मजकुरात दावीदच्या हाती किन्नोर आहे, आणि किन्नोर म्हणजे हार्प नव्हे.

किन्नोर ही लायरच्या जातीतली चीज. एक पोकळ लाकडी पेटी, तिच्यातून वर निघालेले दोन बाहू, आणि ते बाहू वर जोडणारी आडवी दांडी. दांडीला बांधलेल्या तारा खाली पेटीवरून जातात. पडदे नाहीत, बोटांनी तार दाबायला पट्टी नाही. जितक्या तारा, तितके मोकळे सूर. वजनाला हलके, त्यामुळे काखेत धरून चालता चालताही वाजवता येई. दावीद मूळचा मेंढपाळ, आणि मेंढरे राखणाऱ्या पोराला असेच वाद्य परवडणार.

तारा म्हणजे धातूच्या नव्हेत, आतड्याच्या ताती. मिश्ना ह्या ज्यू धर्मग्रंथात एक मजेदार वचन आहे. मेंढा जिवंत असतो तेव्हा त्याला एकच आवाज असतो, मेल्यावर सात होतात! ते कसे? दोन शिंगांची दोन रणशिंगे, दोन नळ्यांच्या दोन बासऱ्या, कातड्याचा डफ, मोठ्या आतड्याच्या ताती नेवेलला आणि बारीक आतड्याच्या किन्नोरला. म्हणजे नेवेल हे किन्नोरचे थोरले भावंड, जाड तातींचे आणि अर्थातच खर्जाकडे झुकणारे. जेरुसलेमच्या मंदिरात लेवी लोक, म्हणजे मंदिराची सेवा करणारे घराणे, दोन्ही वाजवत. नेवेल दोनांहून कमी नसावेत नि सहांहून जास्त नसावेत, किन्नोर मात्र निदान नऊ हवेत, वर कितीही चालतील, असा नियमच मिश्नेत सांगितला आहे. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी गाठ मारणे म्हणजे काम, म्हणून निषिद्ध. पण मंदिरात वाजवताना तात तुटली तर ती बांधायला मुभा होती. ही सवलत देणाऱ्याने वादकाची पंचाईत जवळून पाहिली असणार, असे मला आपले वाटते.

वाजवायचे कसे, ह्यात मात्र मतभेद. बायबलमधल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, दावीदच्या आधीच्या शौल राजाला दुष्ट आत्मा छळू लागला की दावीद किन्नोर घेऊन ‘हाताने’ वाजवी, असे आहे. उलट पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस लिहितो की किन्नोरला दहा तारा असतात आणि ते जव्याने छेडतात. बोटांनी छेडतात ते नेवेल, आणि त्याला सूर बारा. दोघेही खरे असतील. मधे जवळजवळ हजार वर्षे गेली होती, आणि इतक्या काळात वादकाचा हात बदलतोच.

किन्नोर आनंदाचे वाद्य. म्हणूनच बायबलच्या १३७व्या स्तोत्रातला तो प्रसंग इतका बोचतो. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नद्यांकाठी ज्यू बंदिवान बसले आहेत, त्यांना पकडून नेणारे म्हणतात, सियोनची, म्हणजे जेरुसलेमची, गाणी म्हणा की! आणि ह्यांनी तर किन्नोर झाडांना टांगून ठेवले आहेत. असिरियन राजधानी निनवेच्या राजवाड्यातले, इ. स. पू. ७०० च्या सुमाराचे एक शिल्प आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तीन कैदी लायर वाजवत चालले आहेत आणि पाठीमागे असिरियन शिपाई. हे कैदी यहूदाचे, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या ज्यू राज्याचे, असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते. बाबेलचा बंदिवास त्यानंतरचा, पण विजेत्यांची फर्माइश तीच दिसते.

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्राच्या ह्या ओळीत ‘वीणा’ येते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरस्वतीची वीणा उभी राहते, नाहीतर हरिनाम सप्ताहात वीणेकऱ्याच्या गळ्यातली. दोन्हींत तारांखालून जाणारी लांब दांडी आहे, लायरमध्ये तशी नाही. तरी भाषांतरकारांना फार दोष देऊ नये. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवतो आहे, ती नीट पाहा. ती धनुष्यासारखी वाकलेली हार्पच आहे! ते वाद्य गेले, नाव राहिले, आणि पुढे दांडीच्या वाद्याला चिकटले.

किन्नोरचेही हुबेहूब असेच झाले. आजच्या हिब्रूत किन्नोर म्हणजे व्हायोलिन, आणि हार्पला म्हणतात नेवेल. लोद, अश्दोद, दिमोना ह्या गावांत कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायल ज्यू राहतात. तिथे शाळेत जाणाऱ्या नातवाने किन्नोरच्या शिकवणीला जातो म्हटले, तर त्याच्या पाठीवर व्हायोलिनची पेटी असते. १९९०च्या दशकात सोव्हिएत देशांतून ज्यू लोकांचे लोंढे इस्रायलमध्ये आले, तेव्हाचा एक विनोद आहे : विमानातून उतरणाऱ्याच्या हातात व्हायोलिन नसेल, तर समजावे की हा पियानो वाजवतो.

ह्यातून कवितेची थोडी गंमत होते. बाराव्या शतकात स्पेनमधला हिब्रू कवी यहूदा हलेवी सियोनला उद्देशून म्हणतो, तुझ्या गीतांसाठी मी किन्नोर आहे. १९६७मध्ये इस्रायली गीतकार नओमी शेमेर ह्यांनी जेरुसलेमवरच्या आपल्या गाण्यात तीच कल्पना घेतली. हलेवीच्या मनात दावीदचे वाद्य असणार. आज ते गाणे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात बहुधा गज फिरत असतो.

जुन्या किन्नोरचा नाद कसा होता, हे सांगायला कुणी उरलेले नाही. तात कुजते, लाकूडही कुजते. जवळपास जाणारे काही ऐकायचे असेल, तर इथिओपियाचे बेगेना ऐका. दहा तारांची, माणसाच्या कंबरेपर्यंत पोचणारी ही लायर. तिथले ख्रिस्ती लोक तिला दावीदचे वाद्य म्हणतात आणि ती आपल्याकडे दावीदचा पुत्र शलमोन राजा, त्याच्या मुलाबरोबर आली असे मानतात. मोठ्या उपवासाच्या दिवसांत ती विशेष वाजते. तारेखाली घोडीवर कातड्याचा छोटा तुकडा सरकवतात, त्यामुळे प्रत्येक सूर घुमतो आणि झणझणतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे काम काय चालले आहे ते लगेच कळेल.